तेजस नेटवर्क्सची वाढ बघून रेडिओ हाउसिंगसाठी मोठं डायकास्टिंग मशीन घ्यावं का?

गोकुळशिरगाव_पीडीसी:
शॉपवर वितळलेलं ॲल्युमिनियम दाबानं डायमध्ये, म्हणजे साच्यात, भरणारं २५० टनाचं कोल्ड चेंबर मशीन आहे, दुचाकीचे ॲल्युमिनियम पार्ट चालतात. टॉवरवर बसणाऱ्या ४जी रेडिओच्या हाउसिंगची, म्हणजे बाहेरच्या धातूच्या पेटीची, चौकशी बेंगळुरूच्या एका व्हेंडरकडून आली आहे. माप साधारण ४०० × ३०० मिमी, मागं फिन्स (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या), मटेरियल एडीसी१२, डायकास्टिंगचं नेहमीचं ॲल्युमिनियम मिश्रधातू. व्हेंडर म्हणतो, टेलिकॉम उपकरणं बनवणारी तेजस नेटवर्क्स एका वर्षात विक्रीत २,४७१ कोटींवरून ८,९२३ कोटींवर गेली, आता या लाइनला मरण नाही. बँक कर्ज द्यायला तयार आहे. ही वाढ टिकणारी आहे का? आणि मशीन किती टनाचं लागेल?

ताळेबंद_वाचक:
आकडे बरोबर आहेत, २०२३-२४ आणि २०२४-२५ चे. पण ते कुठून आले ते बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये टीसीएसकडून तेजसला ७,४९२ कोटींची ऑर्डर मिळाली, बीएसएनएलच्या १ लाख ४जी साइटना लागणाऱ्या रेडिओ उपकरणांची. मोठी उडी त्या एकाच ऑर्डरची आहे. ती पुरवून होत आली तशी विक्री बसली: जानेवारी-मार्च २०२५ ला १,९०७ कोटी आणि ७२ कोटी तोटा, एप्रिल-जूनला २०२ कोटी आणि १९४ कोटी तोटा. हो, २०२ च, एखादं शून्य लिहायचं राहिलेलं नाही. संशोधनाचे पगार, व्याज, घसारा हे खर्च ऑर्डर संपली म्हणून थांबत नाहीत.

कंपनीचं धोरण चुकलं असं मात्र मी म्हणणार नाही. मूळ धंदा ऑप्टिकल आणि ब्रॉडबँड उपकरणांचा. २०२१ मध्ये टाटा समूह आला, २०२२ मध्ये सांख्य लॅब्स ही कंपनी घेऊन रेडिओची बाजू भक्कम केली, मग देशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकावर लाखभर साइटचा अनुभव घेतला. बाहेरच्या देशांत विकायला जाताना हा अनुभव दाखवता येतो. मे २०२५ मध्ये आणखी १८,६८५ साइटचं काम टीसीएसकडं आलं, त्यात तेजसचा वाटा सुमारे १,५२६ कोटी. म्हणजे काम आहे, पण लाटेनं येतं. टाटांच्या पाठबळावर कंपनी दोन लाटांमधला काळ काढेल. तुमचा हप्ता दर महिन्याला आहे, तुम्ही कसा काढणार?

वार्षिक आकडा कुणी तोंडावर फेकला की तिमाही निकाल उघडायचा आणि ऑर्डर बुक, येणी, इन्व्हेंटरी या तीन ओळी बघायच्या. येणी आणि इन्व्हेंटरी फुगलेली आणि ऑर्डर बुक आटलेलं असेल तर खालच्या व्हेंडरची बिलं लांबणार हे धरून चाला.

उद्यमनगर_टूलरूम:
टनेजचं सांगतो, म्हणजे धातू भरताना डाय बंद धरून ठेवायला लागणारं बळ. ४०० × ३०० म्हणजे १,२०० चौ. सेंमी. रनर (धातू आत नेणारी वाट), ओव्हरफ्लो (जादा धातूचे कप्पे) धरून पाव भाग वाढवा, १,५०० झाले. हाउसिंगला लीक टेस्ट असते, म्हणून कास्टिंग प्रेशर ६०० किलो प्रति चौ. सेंमी धरा. ९०० टन आले. वर १५ टक्के सुरक्षितता, म्हणजे हजार-साडेदहाशेच्या खालचं मशीन बघूच नका. सोबत भट्टी, स्प्रे, ट्रिम प्रेस, शेडमधली क्रेन, फाउंडेशन. कोटेशन फक्त मशीनचं असतं, खर्च या सगळ्याचा.

फिन्समध्ये खरी परीक्षा आहे. उंच, पातळ फिनला ड्राफ्ट, म्हणजे पार्ट सुटायला लागणारा उतार, एक-दीड अंश तरी हवाच. ड्रॉइंगवर त्यापेक्षा कमी असेल तर आधीच भांडून घ्या. नाहीतर फिन डायमध्ये अडकतो, इजेक्टर पिनजवळ वाकतो, मागाहून डायला सोल्डरिंग, म्हणजे धातू चिकटणं, सुरू होतं. फिनचं टोक भरलं नाही की ऑपरेटर मेटलचं तापमान वाढवतो, त्यानं जाड भागात पोरॉसिटी, म्हणजे आतली भोकं, वाढते. उपाय गेटिंगमध्ये (धातू आत शिरण्याच्या वाटेत) आणि व्हॅक्यूममध्ये आहे, भट्टीच्या नॉबमध्ये नाही. मशीनिंगनंतर सीलची खाच उघडी पडते आणि आतलं भोक तिथंच दिसतं. पोरॉसिटी बारीक असेल तर इम्प्रेग्नेशननं (भोकांत रेझिन भरून) वाचतं, पण त्याचा दर पार्टच्या भावात धरा.

आणि एडीसी१२ ची उष्णता वहनक्षमता ९६ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास. गिऱ्हाईक मध्येच जास्त वहनक्षमतेचं, कमी सिलिकॉनचं मिश्रधातू मागू शकतं. तो धातू वाहायला जड आणि डायला चिकटतो. पहिल्या भावात बसत नाही.

२५० टनवर रनरसकट साधारण ३६० चौ. सेंमीपर्यंतचा पार्ट निघतो. त्यात ब्रॅकेट, कनेक्टरची कव्हरं बसतात. रेडिओतल्या फिल्टरची झाकणं मागितली तर जपून. त्यावर चांदीचं प्लेटिंग असतं. २,१०० मेगाहर्ट्झला करंट चांदीच्या जेमतेम दीड मायक्रॉन थरातून वाहतो, त्यामुळं थर पातळ असला तरी चालतो, पण खाली पोरॉसिटी असेल तर बेक टेस्टला, म्हणजे तापवून बघताना, फोड येतात. सगळं रिजेक्शन तुमच्या नावावर. हुपरीजवळ आहे म्हणून चांदीचं काम सोपं, असं समजू नका राव.

शिरोली_अकाउंट्स:
पैशाची बाजू. उद्यम नोंदणीत सूक्ष्म किंवा लघु असाल तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडं खरेदीदाराला जाता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असं कायदा धरतो. पण हरकत आली तर ती मिटेपर्यंत मुदत सुरू होत नाही. म्हणून लीक टेस्ट कुणाच्या फिक्स्चरवर, किती दाबाला, कुठं, हे पीओवर (खरेदी ऑर्डरवर) आणि शक्यतो तुमच्याच शेडमध्ये ठरवा. नाहीतर दोन महिन्यांनी असेंब्लीतून पार्ट परत येतो.

ट्रेड्सवर, म्हणजे लहान उद्योगांची बिलं वटवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर, बिल वटवायचं तर खरेदीदार तिथं हवा. सक्ती २५० कोटींवरच्या उलाढालीच्या कंपन्यांना आहे, तुमचा व्हेंडर त्यात बसतो का विचारा.

गोकुळशिरगाव_पीडीसी:
विचारलं, बसत नाही. डायचा खर्च ‘पार्टमध्ये वळता करू’ म्हणतोय.

उद्यमनगर_टूलरूम:
वळता म्हणजे तुमच्या खिशातून. डाय त्यांच्या पैशानं, त्यांच्या नावावर, तुमच्या ताब्यात. पार्टमध्येच वळता करायचा असेल तर किमान नगसंख्या लिहून घ्या आणि तेवढे उचलले नाहीत तर उरलेली रक्कम एकदम द्यायची, ही ओळ पीओवर हवी. डायचं आयुष्य लाखभर शॉटच्या आसपास धरा, फिन्सच्या मुळाशी तडे त्याआधीच येतात, दुरुस्ती कुणाची तेही लिहा. तोवर हाउसिंगचे ट्रायल शॉट जॉबवर्कनं हजार टनाचं मशीन असलेल्याकडून काढून द्या, आणि कव्हर-ब्रॅकेटचं ड्रॉइंग मागवून घ्या.