मदत हवी आहे: सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असला की मलेरिया होत नाही, हे खरं का?

रानजाई: भाचा उद्या सकाळी भामरागडकडच्या आश्रमशाळेत निघतोय. दाजी म्हणतात, सिकलसेलवाल्याला मलेरिया होतच नाही, मच्छरदाणी कशाला? लवकर सांगा.

वैनगंगा: सिकलसेल तपासणीचं कार्ड पिवळं (नुसता वाहक) की लाल (आजार)? वय काय?

मास्तर_७१: दाजींच्या म्हणण्यात तथ्य आहे. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत हेच दाखवलं. सिकलचं जनुक आईबापांपैकी एकाकडूनच आलेली मुलं फॅल्सिपेरम या जीवघेण्या प्रकारच्या मलेरियातून जास्त जगतात. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया, तिथे हे जनुक टिकलं. आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबार बघा.

वैनगंगा: सर, जास्त जगतात म्हणजे ताप येत नाही असं नाही. वाहकालाही, म्हणजे एकाकडूनच जनुक आलेल्यालाही, मलेरिया होतो, फक्त जिवावर बेतण्याचं प्रमाण खूप कमी असतं.

शेतकरीदादा: पपईच्या पानांचा रस द्या. आमच्याकडे सगळे पितात.

वैनगंगा: दादा, तो लोक डेंगीत पितात. इथे विषय वेगळा आहे.

कोरकू_माणूस: आधी जी-सिक्स-पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) कमी आहे का तपासा! काकांना प्रायमाक्वीन या मलेरियाच्या औषधाच्या १४ दिवसांच्या कोर्समध्ये लघवी काळ्या चहासारखी झाली, रक्त चढवावं लागलं.

मास्तर_७१: तो सिकलसेल नव्हे.

कोरकू_माणूस: नाही, पण तोही रक्ताचा आनुवंशिक दोषच, मलेरियानेच टिकवलेला. एकाच माणसात दोन्ही असू शकतात.

सुषमा_ब: लग्नाआधी पत्रिकेऐवजी कार्डं बघा. दोघंही पिवळी असतील तर प्रत्येक बाळंतपणात २५ टक्के धोका.

रानजाई: लग्न कुठे आलं? तो ९ वर्षांचा आहे. कार्ड लाल आहे. हातपाय फार दुखतात.

मास्तर_७१: लाल? मग माझं वरचं लागू नाही, दाजींना ते वाचून दाखवू नका. मी वाहकच धरून चाललो होतो.

वैनगंगा: ताई, लाल म्हणजे दोन्हीकडून जनुक आलंय. त्याचं रक्त आधीच कमी, त्यात मलेरियाने आणखी फुटतं आणि हिमोग्लोबिन झपाट्याने खाली येतं. प्लीहाही नीट काम करत नसते, म्हणून दुसरे जंतूही लवकर धरतात. मच्छरदाणी हवीच. ताप आला की त्याच दिवशी दवाखाना आणि मलेरियासाठी रक्ताची काचपट्टी, हे अधीक्षकांना लिहून द्या. सोबत कार्डाची झेरॉक्स. पाणी भरपूर प्यायला सांगा.

रानजाई: मच्छरदाणी आत्ता आणते. सिकलसेलसाठीच्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या दुखलं की देतो, तशाच पाठवू?

वैनगंगा: दुखल्यावर नाही! ती रोजची गोळी आहे. निघण्याआधी डॉक्टरांना फोन करून डोस विचारून घ्या.