कारखान्याच्या आवारात जेवणासाठी फूड ट्रक लावावा का?

भोसरी_पहिली_पाळी (प्रश्न):
नमस्कार. भोसरी औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात पहिल्या पाळीला, म्हणजे सकाळी ७ ते दुपारी ३:३० या वेळेत, ९० जण असतात. पूर्वी बहुतेक जण घरून डबा आणत. आता खोली करून राहणाऱ्या तरुण मुलांची संख्या वाढली असून ती गेटसमोरच्या गाडीवर वडापाव खाऊन दिवस काढतात. स्वयंपाकघर बांधण्याइतकी जागा नसल्यामुळे रोज एक फूड ट्रक आवारात बोलवावा, असा विचार आहे. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची आहे. कोणी हा प्रयोग केला असल्यास अनुभव कळवावा.

स्टोअर्सवाला:
आम्ही केला आणि पहिल्याच दिवशी रांगेने आमची फजिती केली. एका खिडकीतून दर ४० सेकंदांना एक ताट बाहेर पडले, तरी अर्ध्या तासात ४५ ताटेच होतात, आणि पंचेचाळिसाव्या माणसाच्या हाती ताट येते तेव्हा भोंगा वाजत असतो. आमची काही मुले त्या दिवशी मशीनपाशी उभ्या उभ्याच जेवली. नंतर आम्ही ३० जणांच्या तीन तुकड्या केल्या, १०:३०, ११ आणि ११:३० अशा वेळा दिल्या आणि ट्रकला दुसरी खिडकी उघडायला लावली. आता १० मिनिटांत वाढप उरकते आणि शेवटच्या माणसालाही २० मिनिटे शांतपणे जेवता येते. जुन्या कारखाने अधिनियमात सुट्टीशिवाय सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेता येत नसे, त्यामुळे शेवटची तुकडी बाराच्या पुढे ढकलू नये.

ट्रक_चालवतो:
मी स्वतः ट्रक चालवतो, म्हणून आमची बाजू मांडतो. खरी अडचण पोळीची आहे. ट्रकमधील तव्यावर ९० जणांच्या पोळ्या वेळेत होत नाहीत आणि सकाळी करून आणलेल्या अकरापर्यंत वातड होतात. त्यामुळे भात-आमटी, पुरी-भाजी किंवा पुलाव असा बेत ठरवून घ्यावा. आमटी-भाजी आमच्या मूळ स्वयंपाकघरात शिजते, ट्रकमध्ये ती फक्त गरम ठेवली जाते आणि हे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या खाली जाता कामा नये. तुम्ही थर्मामीटर लावून पाहिलेत, तर चांगल्या चालकाला राग येणार नाही. ट्रकवर अन्न सुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक दिसला पाहिजे आणि १९ किलोचे सिलिंडर साखळीने बांधलेले असले पाहिजेत. रोजच्या किमान ताटांची हमी मात्र द्यावी, कारण चतुर्थीला निम्मी ताटे परत नेण्याची वेळ आमच्यावर येते. गुरुवारी भोसरीला सुट्टी असते, त्या दिवशी आम्ही हिंजवडीत उभे राहतो. त्या दिवसाची हमी आम्ही मागत नाही.

कामगार_कायदा:
आपण फक्त पहिल्या पाळीची संख्या दिली आहे. जुन्या कारखाने अधिनियमानुसार २५० हून अधिक कामगार असतील, तेथेच कॅन्टीन बंधनकारक करता येत असे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा १०० वर आली असून तीत कंत्राटी कामगारही धरले जातात. संख्या सर्व पाळ्यांची मिळून मोजावी. ती १०० किंवा त्याहून अधिक भरल्यास आवारात ट्रक उभा आहे एवढ्याने जबाबदारी संपली, असे गृहीत धरू नये. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आधी लेखी विचारणा करावी.

भोसरी_पहिली_पाळी:
सर्वांचे आभार. कंत्राटदाराच्या हजेरीपटासह दोन्ही पाळ्यांची बेरीज आजच केली, ती १४२ भरली. त्यामुळे ट्रक तात्पुरता ठेवून मागच्या शेडमध्ये वाढपाची जागा आणि हात धुण्याचे नळ करता येतील का, हे पाहतो. संचालनालयाला पत्र सोमवारी जाईल. तुकड्यांच्या वेळा मात्र उद्यापासूनच लावतो, कारण घरून डबा आणणाऱ्यांनाही मायक्रोवेव्हपुढे रांग लावावी लागते, हे या निमित्ताने लक्षात आले.