मधल्या पुस्तकात नायकच बदलला, हे पटतं का?

देवगडकर
आधीच सांगतो, खाली सगळी कथा फोडलेली आहे. सारा जे. मास यांच्या त्रयीतलं दुसरं पुस्तक, 'अ कोर्ट ऑफ मिस्ट अँड फ्युरी' (2016), काल संपवलं. चार दिवस पाऊस धो धो, लाइटचा पत्ता नाही, म्हणून 600 हून जास्त पानं झाली.

पहिल्या भागात नायिका फेयरा आपल्या प्रियकरासाठी, टॅमलिनसाठी, डोंगराखालच्या दरबारात जाते, तीन परीक्षा देते, मरते, मग परीलोकातल्या सात दरबारांचे सात धनी तिला परत जिवंत करतात. एवढं सोसून मिळवलेला माणूस पुढच्या भागात एकदम नकोसा? आणि त्या सातांतल्याच ज्या रीसँडने तिला रात्रीमागून रात्री गुंगीची दारू पाजून सगळ्यांसमोर नाचवलं, तो आता हळवा, समजूतदार, वर तिला लिहा-वाचायला शिकवणारा! नवा नायक आणायचा म्हणून जुन्याला काळं फासलं, दुसरं काही नाही.

गुहागरची सून
दादा, तुम्ही टॅमलिनला पहिल्या भागातच नीट बघितलं नाहीत. डोंगराखाली दोघांना चार क्षण एकांत मिळतो. हा तिला पळायची वाट दाखवतो का? नाही, मिठीत घेऊन चुंबन घेत बसतो. काळं आधीपासूनच होतं, प्रेमात पडलेल्या फेयराला दिसलं नाही आणि आपल्यालाही नाही.

मग दुसऱ्या भागात तो घराभोवती जादूचं कुंपण घालून तिला आत कोंडतो. का, तर काळजी! शेवटी रीसँडची बहीण मॉर येऊन तिला बाहेर काढते. ते वाचताना माझे हात गार पडले. मी लग्न होऊन आले तेव्हा 'पावसाची कुठे निघालीस', 'तिन्हीसांजेला समुद्राकडे नको' हे सगळं मायेनेच सांगायचे. कुणी वाईट नव्हतं हो. पण वर्षभराने एकटी एसटीत बसून चिपळूणला गेले, तर गाडी खाडीपाशी आल्यावर रडूच फुटलं. कारण काही नाही.

मालवण बंदर
माका दोघांचाय पटणा नाय. प्रेमाचा ऱ्हवांदे, लढाई खंय आसा?
1 जून ते 31 जुलै आमची मासेमारी बंद. होड्या वर ओढायच्या, जाळी विणायची. काम आहेच ते, पण कुणी पाहुण्याला बोलावून दोन महिने जाळी विणताना दाखवतं का? रीसँडच्या वेलारिस शहरातली ती जेवणं आणि गप्पा म्हणजे तेच.

गुहागरची सून
बंदरवाले, जाळं कसं विणलंय ते नारळी पुनवेनंतर कळतं ना? शेवट आठवा. फेयराच्या बहिणींना जादूच्या कढईत बुडवतात, आणि ती रीसँडशी नातं तुटल्याचं नाटक करून टॅमलिनच्याच घरी हेर म्हणून परत जाते. तिथे कोंडून राहिलेली असते म्हणून तिचं नाटक खपतं. त्या घरात कोण काय ऐकायला आसुसलंय हे तिला पाठ आहे.

दापोली
तिसरं (2017) वाचा, मग भांडा.

देवगडकर
@दापोली, पैसे या पुस्तकाचे दिलेत, उत्तर पुढच्यात का शोधू?

ताई, चुंबनाचं मान्य. ते मी प्रेम समजून वाचलं होतं, आता परत उघडून बघितलं तर टॅमलिनला फक्त स्वतःचीच पडलेली दिसते. कोंडण्याबद्दल तर बोलायलाच नको, आमच्याही घरात आई कधी एकटी कुठे गेल्याचं मला आठवत नाही.

पण दारूचं काय? 'तुला वाचवायला केलं, तिथलं तुला काही आठवू नये म्हणून पाजली' असं रीसँड नंतर सांगतो आणि ती ऐकून घेते. ही सारवासारव टॅमलिनने केली असती तर तुम्ही सोडली असतीत?

गुहागरची सून
नसती सोडली. तिथे लेखिकेने रीसँडला स्वस्तात सोडलंय. तरी मी त्याच्याच बाजूची.

मालवण बंदर
म्हणजे लढाई नायच.