बायोकेमिस्ट्री : एमएस्सीचा खर्च वसूल होतो का? (नागपूर)

उमरेड_पालक
मुलीला नागपुरात बीएस्सीसाठी दोन गट मिळत आहेत. एकात बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, रसायनशास्त्र. दुसऱ्यात रसायनशास्त्राऐवजी प्राणिशास्त्र. पुढे एमएस्सी बायोकेमिस्ट्री करायची म्हणते. विनाअनुदानित तुकडीची फी वर्षाला ४०,००० आणि खोली-मेस महिन्याला ८,००० धरली आहे. ती दोन वर्षं परवडतात का, की बीएस्सीनंतर थेट नोकरी बरी? मेडिकल लॅबमध्ये ही पदवी चालते का?

जमाखर्च
भाऊ, सगळ्यात मोठा खर्च तुमच्या यादीत नाहीच. दोन वर्षं न मिळालेला पगार तो. बीएस्सीला महिना १२,००० मिळतात असं समजू; मग २,८८,००० गेले. फी ८०,०००. खोली-मेस वीस महिन्यांची १,६०,०००. एकूण ५,२८,०००.

दोन वर्षांत बीएस्सीवाली १५,००० वर पोचली आणि एमएस्सीवालीला १८,००० मिळाले, तर फरक वर्षाला ३६,०००. म्हणजे फेडायला चौदा-पंधरा वर्षं. पण सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (पीएचडीसाठीची संशोधन फेलोशिप) मिळाली तर महिना ३७,०००, घरभाडे भत्ता वेगळा. फरक २२,००० चा, रक्कम दोन वर्षांत फिटते. पगाराच्या जागी तुम्हाला प्रत्यक्ष ऐकायला मिळालेले आकडे घाला, पण मांडणी हीच ठेवा.

सदर_लॅब
खोली-मेस यात धरू नका. नागपुरात नोकरी केली तरी ती लागणारच. खरा आकडा ३,६८,०००. त्याने दहा वर्षं आणि जेआरएफ असेल तर साधारण सतरा महिने येतात. मुलगी बीएस्सीनंतर उमरेडला घरी राहूनच कमावणार असेल, तरच तो खर्च जोडा.

बुटीबोरी_क्यूसी
फीआधी गट ठरवा. रसायनशास्त्र शेवटच्या वर्षापर्यंत सोडू नका. औषध नियम, १९४५ मधला नियम ७१ वाचा. औषधनिर्मितीवर देखरेख करणाऱ्या तज्ज्ञासाठी विज्ञान पदवीधर चालतो, पण रसायनशास्त्र मुख्य विषय हवा आणि पदवीनंतर औषधनिर्मितीतला किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. प्राणिशास्त्राच्या गटातून आलेली मुलगी या दारात अडकते आणि ते कळतं कामाला लागल्यावर. नव्या रचनेत मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय) आलंय, तेव्हा गुणपत्रिकेवर रसायनशास्त्र कुठल्या नावाने आणि किती श्रेयांकांचं दिसणार हे प्रवेशाआधी कॉलेजात विचारा.

दुसरं दार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचं. या पदाच्या पात्रतेत बायोकेमिस्ट्रीची पदवी नावानिशी आहे, तर रसायनशास्त्रवाल्याला तिथे एमएस्सी लागते. म्हणजे बायोकेमिस्ट्रीवाली नुसत्या बीएस्सीवर पात्र! महाराष्ट्रात ही भरती एमपीएससी करते. जागा थोड्या आणि जाहिरात दरवर्षी येईलच असं नाही, म्हणून एवढ्यावरच विसंबू नका.

अन्न विश्लेषक व्हायचं असेल तर मात्र एमएस्सी, अन्न तपासणीचा तीन वर्षांचा अनुभव आणि एफएसएसएआयची (केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) परीक्षा, असा क्रम आहे.

कॉलेज बघायला जाल तेव्हा प्रयोगशाळेत शिरा. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) आहे का, आणि असेल तर गेल्या महिन्यात कितीदा चालली, ते नोंदवहीत बघा. कपड्याखाली झाकलेलं मशीन बायोडाट्यात लिहिता येत नाही. मायक्रोपिपेट (अगदी थोडा द्रव मोजून घ्यायचं साधन) मुलांच्या हाती देतात का तेही विचारा. शंभर मायक्रोलिटर पाणी तराजूवर साधारण ०.१ ग्रॅम भरायला हवं. ही तपासणी जमत नसेल तर क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणीच्या) मुलाखतीत ते पाच मिनिटांत उघडं पडतं.

नेट_लाइफसायन्स
जेआरएफच्या हिशेबाला पुस्ती. नुसतं नेट म्हणजे फेलोशिप नव्हे; जेआरएफची गुणांची रेघ वेगळी आणि वरची. खुल्या गटाला एमएस्सीत ५५ टक्के लागतात, शेवटच्या वर्षात असतानाच अर्ज करता येतो. पेपर २०० गुणांचा. भाग क मध्ये ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण. अर्धा पेपर तोच, आणि चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा, म्हणजे इथे एक गुण, कापतात. अभ्यासक्रमात १३ घटक आहेत. बायोकेमिस्ट्रीवाल्यांनी सगळे वरवर करण्यापेक्षा रेणू, पेशी, जनुकीय प्रक्रिया, पेशीसंवाद आणि प्रयोगपद्धती हे पाचसहा पक्के करावेत. तयारी एमएस्सीच्या पहिल्या सत्रातच सुरू करा. पदवी झाल्यावर तयारीसाठी एक वर्ष घरी बसणं म्हणजे वरच्या हिशेबात (महिना १५,००० धरून) आणखी १,८०,००० ची भर.

पहिली दोन वर्षं ३७,०००, मग एसआरएफ (त्याच फेलोशिपचा वरचा टप्पा) ४२,०००, पण त्यासाठी पीएचडीला नोंदणी लागते. मुलीला पीएचडी नकोच असेल तर जेआरएफचा आकडा हिशेबातून काढून टाका. ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्गाच्या पीएचडीवाल्यांनी नागपुरातल्याच महाज्योती या सरकारी संस्थेच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं.

सदर_लॅब
मेडिकल लॅबचं राहिलं. साधी एमएस्सी बायोकेमिस्ट्री आणि मेडिकल कॉलेजातली तीन वर्षांची एमएस्सी मेडिकल बायोकेमिस्ट्री या वेगळ्या पदव्या आहेत. लॅबचंच काम करायचं असेल तर बीएस्सीनंतर डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) हा स्वस्त रस्ता. फक्त त्या संस्थेच्या पदविकेवर महाराष्ट्र परावैद्यक (पॅरामेडिकल) परिषदेची नोंदणी मिळते का, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या.

बायोकेमिस्ट्रीवालीचा फायदा ॲनालायझरच्या (रक्त तपासणाऱ्या यंत्राच्या) टेबलावर दिसतो. नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या की पोटॅशियम आणि एलडीएच (पेशीतलं एक विकर) खोटे वाढतात. कंट्रोलचं (मूल्य आधीच माहीत असलेल्या नमुन्याचं) मूल्य सरासरीपासून तीन एसडीबाहेर (प्रमाण विचलनाबाहेर) गेलं की रिपोर्ट थांबवायचे. हे का, ते तिला शिकवावं लागत नाही. पगार बोलताना हेच पुढे करायला सांगा.