त्वरण की प्रवेग?

उल्का: फर्स्ट इयर मेकॅनिक्सच्या नोट्स मराठीत करतेय. ॲक्सिलरेशनला सगळीकडे त्वरण लिहिलं, शाळेत तेच शिकलो. नोट्स तपासणाऱ्या सरांनी लाल पेनाने सगळं 'प्रवेग' केलं, म्हणे त्वरण हिंदीतून आलंय. ४० पानं बदलायची का, एवढंच सांगा.

जुना खडू: प्रवेगच. आम्ही 'गुरुत्वीय प्रवेग' म्हणूनच शिकलो आणि काही बिघडलं नाही.

तिरपा फेक: तुमचं नसेल बिघडलं. वेग, संवेग, आवेग आणि वर प्रवेग, एका गणितात चौघे आले की पोरं संवेगाच्या जागी प्रवेग काढून मोकळी. त्वरण निदान वेगळं दिसतं. आणि त्वर् धातू संस्कृत, हिंदीने वापरला म्हणून परका का? मग बल आणि ऊर्जाही द्या परत.

उल्का: माझी अडचण वेगळीच झालीये. चेंडू वर फेकला, अगदी टोकाला वेग शून्य, तरी त्वरण ९.८ खालच्या दिशेने आहेच. तर एकजण म्हणतो, मॅडम तो थांबलाय, त्वरा कुठाय?

जुना खडू: बघा! मी काय म्हणत होतो.

चंद्रकोर: बरोबर विचारलं पोराने. चंद्र घ्या, चाल जवळपास तीच पण दिशा सतत वळते, म्हणून त्वरण सुमारे ०.००२७ मीटर प्रति सेकंद वर्ग. पृथ्वीच्या साठेक त्रिज्या लांब आणि ओढ अंतराच्या वर्गाने घटते, म्हणून ९.८ चा ३६०० वा भाग, न्यूटनने हेच ताडून पाहिलं होतं. आता त्या चंद्राला कसली घाई? पण इंग्रजीतही तीच बोंब, ॲक्सिलरेशन ज्यातून आलं ते लॅटिन 'सेलर' म्हणजे जलदच. आणि प्रवेग तरी काय, नुसता जास्तीचा वेग वाटतो.

तिरपा फेक: त्या हिशोबाने गाडीतला ब्रेक आणि स्टिअरिंगपण ॲक्सिलरेटरच की :)

चंद्रकोर: आहेतच. बाय द वे तुरग म्हणजे घोडा, तोही याच घराण्यातला असावा, त्वरेने जाणारा.

जुना खडू: घोडा राहू दे, गोल फिरणाऱ्या वस्तूला केंद्राकडे ओढणाऱ्या बलाला ते 'अभिकेंद्री बल' नाव कुणी काढलं? केंद्रगामी किती सरळ आहे.

तिरपा फेक: केंद्रगामी म्हणजे केंद्राकडे जाणारं. बल कुठे जातं? वस्तू ओढली जाते. अभि म्हणजे च्याकडे, पुरे झालं.

उल्का: अहो, माझी ४० पानं?

चंद्रकोर: आणि वेग कमी होताना त्वरणवाले मंदन म्हणतात, प्रवेगवाले काय म्हणतात?