‘पब्लिक अ‍ॅडजस्टर’ला मराठीत काय म्हणावे?

पाणकणीस:
आमचे फ्लोरिडातील घर सासऱ्यांच्या आणि माझ्या अशा दोघांच्या नावावर आहे. वादळात छपराचे नुकसान झाले, विमा कंपनीने मंजूर केलेली रक्कम अपुरी वाटते, म्हणून पब्लिक अ‍ॅडजस्टर नेमण्याचा विचार चालू आहे. मराठीत वाचल्याशिवाय सासरे कोणत्याही कागदावर सही करीत नाहीत, त्यामुळे कराराचा गोषवारा मी मराठीत लिहिते आहे. त्यात ‘सार्वजनिक समायोजक’ असे लिहिले, तेव्हा सरकारी माणसाला आपण विम्याच्या पैशांतली टक्केवारी कशासाठी द्यायची, असा प्रश्न त्यांनी केला. वास्तविक तिकडे अ‍ॅडजस्टर, म्हणजे विम्याच्या दाव्यात नुकसानीचे मूल्यमापन करणारे, तीन प्रकारचे असतात: कंपनीचा पगारी, कंपनीने कामापुरता नेमलेला (याला ‘इंडिपेंडंट’ म्हणतात, पण तो काम कंपनीचेच करतो), आणि राज्याचा परवाना असलेला परंतु घरमालकाने स्वतःच्या बाजूने नेमलेला. या तिसऱ्यासाठी शब्द हवा आहे.

ओसरी:
‘सर्वेक्षक’ हा रुळलेला शब्द असताना नवा कशाला शोधायचा?

चौकट राजा:
कारण त्याने अर्थ नेमका उलटा होईल. आपल्याकडे १९३८च्या विमा कायद्यानुसार परवाना घेतलेला सर्वेक्षक नुकसानीचे मूल्यमापन करतो खरा, पण एरवी त्याला नेमते कंपनी आणि त्याचे शुल्कही कंपनीच देते. २०१९च्या पुरानंतर आमच्या सांगलीत तर तलाठी आणि कंपनीचा सर्वेक्षक या दोघांनाही लोक सरसकट ‘पंचनामेवाले’ म्हणत असत. कोण कोणाच्या वतीने आला आहे, हे विचारण्याइतके त्राण तेव्हा कोणात होते?

देवडी:
‘समायोजक’ हा शब्द हिशेबाच्या वहीतला आहे, तो तिथेच राहू द्यावा. मूळ शब्दही लिप्यंतर करून चालणार नाही, कारण लोकलच्या चौथ्या सीटवर बसणाऱ्याला आपण ‘जरा अ‍ॅडजस्ट करा’ म्हणतो. अ‍ॅडजस्टर म्हणजे आपल्याला पडते घ्यायला लावणारा, असाच समज होईल. माझ्या मते ‘दावा-मुखत्यार’ लिहावे. घरमालकाच्या वतीने कागदपत्रे मांडणारा आणि कंपनीशी बोलणी करणारा, असे त्याचे काम असल्यामुळे मुखत्यार या शब्दात ते पुरेपूर येते.

शुद्धमती:
दावा अरबी, मुखत्यारही अरबी! ‘हानिप्रतिनिधी’ असा स्वच्छ शब्द करता येत असताना हा अट्टहास कशासाठी?

देवडी:
हानिप्रतिनिधी हा हानीचा प्रतिनिधी वाटतो, म्हणजे जणू वादळानेच पाठवलेला माणूस. मुखत्यारपत्र मात्र प्रत्येक घरच्या कपाटात असते.

पाणकणीस:
‘मुखत्यार’ सासऱ्यांना पटेल, पण एक शंका आहे. फ्लोरिडात या व्यक्तीला कायदेशीर सल्ला देता येत नाही, आणि मुखत्यार म्हटले की वकिलाचा भास होतो. शिवाय छपराची दुरुस्ती करणाऱ्या ठेकेदाराला, स्वतःचा परवाना असला तरी, त्याच कामात ही भूमिका घेता येत नाही, तेही शब्दातून सूचित झाले तर बरे.

चौकट राजा:
एवढे सगळे एका शब्दात मावणार नाही, त्यासाठी वाक्ये लिहावीत. गव्हर्नरने आणीबाणी जाहीर केलेल्या वादळाच्या दाव्यावर पहिल्या वर्षभरात १० टक्क्यांहून अधिक आणि एरवी २० टक्क्यांहून अधिक शुल्क घेता येत नाही. कंपनीने आधीच दिलेल्या रकमेवर ते लागत नाही. आणि सही केल्यानंतर १० दिवसांच्या आत करार रद्द करता येतो. शब्द कोणताही ठरो, ही तीन वाक्ये गोषवाऱ्यात ठळक लिहावीत, असे मी सुचवीन.

ओसरी:
‘कैवारी’ कसा वाटतो? घरमालकाचा कैवार घेणारा.

देवडी:
कैवारी टक्केवारी घेत नाही.

गावकूस:
मला मूळ आक्षेपच मान्य नाही. ‘सार्वजनिक’ म्हणजे सरकारी हा अर्थ अलीकडे चिकटला आहे. पुण्यात १८७०मध्ये सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा सभासद होण्यासाठी किमान ५० जणांनी सही केलेले मुखत्यारपत्र आणावे लागे. गणेश वासुदेव जोशी यांना लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणत, ते सरकारी होते म्हणून नव्हे, तर सरकारपुढे लोकांची बाजू मांडीत म्हणून. तेव्हा ‘सार्वजनिक’ आणि ‘मुखत्यार’ यांत वैर नाही, आणि ‘सार्वजनिक मुखत्यार’ हा उत्तम जुना मराठी प्रयोग ठरेल.

चौकट राजा:
इतिहास मान्य आहे, परंतु आजचा वाचक ‘सार्वजनिक’ म्हटल्यावर बांधकाम खाते आणि स्वच्छतागृह आठवतो. शब्दाचा अर्थ १८७०चा वाचक ठरवीत नाही.

गावकूस:
मग ‘सार्वजनिक गणेशोत्सव’ सरकारी असतो काय?

शुद्धमती:
अरबी शब्द निदान अर्ध्यावर तरी थांबवावेत. ‘विमा’ हाही संस्कृत ‘वि’ आणि ‘मा’ म्हणजे मोजणे यांपासून आलेला असल्याने त्याच्याशी संस्कृत शब्दच शोभतो.

देवडी:
ही व्युत्पत्ती ओढूनताणून बसवलेली आहे. हिंदीतला ‘बीमा’ फारसीतून आला आणि आपला ‘विमा’ त्याच घरातला आहे. फारसीत ‘बीम’ म्हणजे भीती.

शुद्धमती:
‘ब’चा ‘व’ केव्हा आणि कोणत्या नियमाने झाला, ते आधी दाखवावे.

पाणकणीस:
तूर्त मी ‘आपण नेमलेला दावा-मुखत्यार’ असे लिहून ठेवले आहे.

गावकूस:
‘आपण’ म्हणजे नेमके कोण, दोन्ही मालक की सही करणारा एक? करारात दोघांचीही नावे घालावी लागतील.