मदत हवी आहे: कोटिंग मशीनचे सॉफ्टवेअर बदलल्यापासून सोनेरी रंग टिकत नाही

नमस्कार. प्रश्न जरा लांब आहे. अर्धवट सांगितला तर उत्तरही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळे लिहितो.

आमच्याकडे जुने मॅग्नेट्रॉन स्पटरिंग मशीन आहे (निर्वात पेटीत धातूच्या पाटीतून, म्हणजे टार्गेटमधून, कण उडवून थर देणारे). त्यावर स्टीलच्या भागांना टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर देतो. कंट्रोल करणाऱ्या पीसीचा मदरबोर्ड गेला, म्हणून एका कंत्राटदाराकडून नवीन पीसी आणि नवीन स्काडा (मशीन पडद्यावरून चालवणारे आणि नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर) बसवून घेतला. पीएलसी (मशीनचा स्वतंत्र औद्योगिक नियंत्रक), पंप, गेज (दाबमापक), एमएफसी (गॅसचा प्रवाह मोजून तो नियंत्रित करणारे उपकरण), पॉवर सप्लाय सगळे जुनेच आहे. रेसिपीही आकड्याला आकडा जुळवून घातली: आर्गॉन १२० एससीसीएम (गॅसच्या प्रवाहाचे एकक), नायट्रोजन ४५, पॉवर ६ किलोवॅट.

तेव्हापासून दर चार-पाच बॅचमागे एक बॅच बिघडते. सुरुवातीला रंग बरोबर असतो. मध्येच केव्हातरी दाब ०.००४० वरून ०.००४६ मिलिबारला चढतो आणि माल तपकिरी निघतो. ऑपरेटरने नायट्रोजन ४२ केला तरी काही फरक पडत नाही. ३५ पर्यंत उतरवला की मग दाब एकदम खाली येतो. लॉगमध्ये मात्र नायट्रोजनची रेघ ४५ वर सरळ दिसते.

हे तपासून झाले: हाय व्हॅक्यूम व्हॉल्व्ह बंद करून दाब किती वेगाने चढतो ते पाहिले, आकडा जुन्या नोंदीइतकाच आला, म्हणजे गळती वाढलेली नाही. गॅसचा सिलिंडर बदलला, टार्गेट बदलले. कंत्राटदाराचे म्हणणे, सॉफ्टवेअर निर्दोष आहे, ऑपरेटरचा हात चुकतो. ज्या माणसाबद्दल हे बोलले जाते आहे तो १५ वर्षे हेच मशीन चालवतो आहे आणि रंगात फरक पडला की आमच्या सगळ्यांच्या आधी त्याला कळतो. दोष खरोखर त्याचा असेल तर मान्य करू. पण पुराव्याशिवाय त्याच्यावर ठपका ठेवणे मला पटत नाही. सॉफ्टवेअरकडे नेमके कुठे बघू?

प्रतिसाद १
लॉगमधला ४५ हा सेट केलेला आकडा आहे की एमएफसीने परत पाठवलेला? आधी एवढे एकच बघा. आणि लॉग किती सेकंदांनी होतो?

धागाकर्ता
दर १० सेकंदांनी. आकडा कुठून येतो ते विचारून सांगतो.

प्रतिसाद २
दाब चढणे, नायट्रोजन थोडा कमी करूनही परत न येणे आणि बराच कमी केल्यावर एकदम परतणे, ही टार्गेट पॉइझनिंगची खूण आहे. भिंतींवर आणि मालावर बसणारे ताजे टायटॅनियम नायट्रोजन शोषून घेत असते, एक प्रकारे तोही पंपच असतो. टार्गेटच्या पृष्ठभागावरच नायट्राइड जमले की टायटॅनियम कमी उडते. ते कमी उडाले की शोषण घटते आणि उरलेला नायट्रोजन टार्गेटवर आणखी बसतो. त्यामुळे एकाच फ्लोला मशीन दोन वेगवेगळ्या अवस्थांत राहू शकते. ऑक्सिजनमध्ये हे जास्त तीव्र असते, नायट्रोजनमध्ये सौम्य असले तरी असतेच.

आता सॉफ्टवेअरचा भाग. तुमचा सोनेरी रंग या दोन अवस्थांमधल्या कडेवर मिळतो आहे. नायट्रोजन क्षणभर ४९ झाला तरी मशीन पलीकडे पडेल, आणि १० सेकंदांच्या लॉगमध्ये त्याचा मागमूस राहणार नाही. नव्या स्काडामध्ये नायट्रोजन मागे-पुढे करणारी एखादी स्क्रिप्ट आहे का ते शोधा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टार्गेटच्या व्होल्टेजकडे बघून फ्लो सावरणारा लूप बऱ्याचदा असायचा, आणि नवे करणारा माणूस तो पीसीवरच बसवतो. विंडोज कधी काय करत बसेल याचा भरवसा नसतो. सगळी उपकरणे ज्या एका सीरियल लाइनवर जोडलेली असतात, तिथे एक उपकरण उत्तर देईनासे झाले की बाकीचे रांगेत थांबतात. लूप जुन्या आकड्यावर निर्णय घेत राहतो आणि हेलकावे खातो.

माझे स्पष्ट मत: लूप, व्हॉल्व्हचे क्रम आणि इंटरलॉक (धोक्याच्या वेळी मशीन अडवणाऱ्या अटी) पीएलसीतच हवेत. पीसी मध्येच बंद पडला तरी मशीन सुरक्षित थांबले पाहिजे. पीसीने रेसिपी पाठवावी, दाखवावे, नोंद ठेवावी.

प्रतिसाद ३
वरचे पटते, पण लगेच लूप हलवू नका. मदरबोर्ड गेला म्हणजे डिस्क शाबूत असणार. तिची पूर्ण प्रत काढा आणि जुनी कॉन्फिगरेशन फाइल उघडा. रेसिपीच्या पडद्यावर न दिसणारे कितीतरी आकडे तिथे असतात: गॅस किती सेकंदांत चढवायचा, शटर (टार्गेटसमोरचे झाकण) उघडण्याआधी नुसत्या आर्गॉनमध्ये टार्गेट किती वेळ साफ करायचे, लूपचे गेन (दुरुस्ती किती जोरात करायची ते आकडे). प्लाझ्मा लागण्याआधीच नायट्रोजन सोडला तर टार्गेटची सुरुवातच पॉइझन होऊन होते. तुमचा रंग मध्येच बिघडतो, म्हणजे तुमच्याकडे तसे होत नसावे, तरी क्रम तपासाच.

धागाकर्ता
आठवडाभराने लिहितो आहे. लॉग ०.२ सेकंदावर आणला आणि एमएफसीने परत पाठवलेला आकडा नोंदवला. आधीच्या आलेखात रेसिपीतलाच ४५ छापला जात होता! प्रत्यक्षात नायट्रोजन ४१ ते ४९ मध्ये हेलकावे खात होता. स्क्रिप्ट सापडली, पीसीवरच. आणि लाइनवर एका काढून टाकलेल्या गेजचा पत्ता तसाच राहिला होता. स्काडा त्याला तीनदा हाक मारून वाट बघत बसे, तेवढ्यात तीन सेकंद जात. रंग बिघडण्याची प्रत्येक वेळ अशाच एका थांब्यानंतरची निघाली.

तो पत्ता काढला. जुन्या डिस्कवरून गेन मिळाले. लूप पीएलसीत घेतला, ५० मिलिसेकंदांवर. सलग २२ बॅच चांगल्या निघाल्या. आलेख छापून ऑपरेटरच्या हातात दिला आणि कंत्राटदारालाही पाठवला. प्रतिसाद १, तुमच्या एका ओळीने वाट सापडली, मनापासून आभार.

एक शंका उरली आहे. टार्गेट झिजत जाईल तसे व्होल्टेजही सरकेल. मग लूपचा सेटपॉइंट (जे व्होल्टेज राखायचे तो आकडा) दर वेळी हाताने बदलायचा का?

प्रतिसाद २
हाताने नको. प्रत्येक बॅचच्या सुरुवातीला शटर बंद ठेवून नुसत्या आर्गॉनमध्ये व्होल्टेज स्थिर होऊ द्या आणि पीएलसीला तो आकडा साठवायला सांगा. सेटपॉइंट त्या आकड्यापासूनच्या फरकाने द्या. झीज होताना दोन्ही आकडे बहुतांशी बरोबरच सरकतात. फरकाची दिशा मात्र तुमच्याच लॉगवरून ठरवा. अॅल्युमिनियम-ऑक्सिजनमध्ये पॉइझन होताना व्होल्टेज उतरते, टायटॅनियम-नायट्रोजनला तोच नियम लावाल तर लूप उलटा चालेल. आणि साठवलेला आकडाही प्रत्येक बॅचच्या लॉगमध्ये जाऊ द्या, टार्गेट कधी बदलायचे ते त्यावरूनच दिसेल.